डोक्याला ताप न देणारे गुलाब

झाडाला खत घातलं की फुलं येतात, असं सगळे म्हणतात. आमच्याकडे आधी किस्से आले, फुलं नंतर. बरं, किस्सेही असे की घडताना मला काही कळलं नाही आणि आता सांगतानाही नीट कळत नाही. भिशीतल्या बायका दर महिन्याला म्हणतात, "अगं, तुझ्या त्या बटन गुलाबांचं सांग ना!" मी सुरुवात करते आणि मध्येच अडते, की आधी मांजरं आली का आधी शेळी? म्हणून एकदाचं ओळीने लिहून काढते. काही चुकलं तर आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना विचारायला जाऊ नका. त्या तिसरंच काहीतरी सांगतील!

* * *

आम्ही करंजाड्याला राहतो. घर आपलंच, एकावर एक मजला. खाली आई, आमचे हे, मी आणि कॉलेजात जाणारी मुलगी ऋतुजा. वर माझे धाकटे दीर, प्रकाश भाऊजी. मागच्या वर्षी गुढीपाडव्याला भाऊजींनी गाडी घेतली. लग्न ठरायचं राहिलंय, पण गाडी आली!

फाटकापासून पायरीपर्यंत आमच्याकडे मातीचा एक पट्टा आहे. चार खाटा जोडून लावल्या तर भरून जाईल एवढाच. भाऊजी म्हणाले, "इथं पेव्हर ब्लॉक टाकू. गाडी आत येईल. चिखल नाही, पाला झाडायचा नाही. झीरो मेंटेनन्स!"

मी घरात सहसा काही मागत नाही. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "तिथं मला गुलाब लावायचे होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पण इकडेतिकडे बघितलं, की हे कोण बोललं!

माझं माहेर जासईचं. आमचं अंगण होतं तिथून आता बंदराचे ट्रेलर जातात. मातीचा एवढा तुकडा तरी उघडा राहावा, एवढंच मनात होतं. पण ते मला धड सांगता आलं नाही. मी नुसतं म्हणाले, "छोटे गुलाब. फार काही करावं नाही लागत त्यांना."

भाऊजींनी विचार केला. "वहिनी, एक वर्ष देतो. पुढच्या पाडव्यापर्यंत या गुलाबांनी घरात कोणाच्या डोक्याला ताप दिला नाही, तर पट्टा तुमचा. दिला, तर ब्लॉक. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणाले. ताप देणारी माणसं असतात, झाडं कशाला देतील, असं मला वाटलं होतं.

नर्सरीत जाऊन मी सरळच सांगितलं, "दादा, काहीच करावं लागणार नाही असे गुलाब द्या."

"मग प्लास्टिकचे घ्या ना, मॅडम!"

पण माणूस चांगला होता. त्याने सात छोटी रोपं काढून दिली. म्हणाला, "ही जात आटोपशीर. वीत-दीड वीत होते, झुडपासारखी भरते, बस. ऊन असू द्या, पाणी साचू देऊ नका, बाकी त्यांना त्यांचं सोडून द्या. सोडून देणं जमेल ना?"

"जमेल की."

"तेच कोणाला जमत नाही!"

* * *

आमचे हे जासईच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कामाला आहेत. तिथे प्रत्येक वस्तूला नंबर आणि प्रत्येक नंबराची वहीत नोंद. त्यांनी सातही रोपांना पांढऱ्या रंगाने पट्ट्या लिहून लावल्या. एक नंबर ते सात नंबर. दर रविवारी टेपने उंची मोजायची आणि वहीत लिहायची. "एक नंबर. दहा इंच. वाढ नाही. तक्रार नाही."

वाढ नाही, हे आईंनी ऐकलं.

आई मूळच्या खाडीकाठच्या दिवाळे गावच्या. गुडघे साथ देत होते तोवर बेलापुरात मासळी विकायच्या. वस्तू बघून खरी-खोटी ओळखायची त्यांना जन्माची सवय. रोज सकाळी पायरीवर खुर्ची टाकून त्या रोपांकडे बघत बसायच्या. जून उजाडला तसा त्यांचा धीर सुटला.

"सूनबाय, ही वाढत कनाला नाय?"

"आई, ही एवढीच राहतात."

"एवढीच? जनमभर?"

"हो."

"तुला फसवलं गो त्यानं! सुरमई सांगून बोटाएवढी मांदेली बांधून दिली!"

मी खूप समजावलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात असताना बाहेर खोकल्याचा आवाज यायला लागला. जाऊन बघते तर आई सात रोपांची दृष्ट काढत होत्या! प्रत्येकाला वेगळ्या मिरच्या, वेगळं मीठ, वेगळ्या मोहऱ्या. फाटकाबाहेर ठसक्याने रिक्षा थांबली होती.

वरून भाऊजींचा आवाज आला, "काय जळतंय?"

आई, हे, मी आणि ऋतुजा, चौघं एका सुरात ओरडलो, "काही नाही!"

पुढे वर्षभर हे दोन शब्द आम्ही इतके म्हटले, की आता आमचे सूर अगदी छान जुळतात.

* * *

पाऊस उघडल्यावर पाच नंबरची पानं पिवळी पडायला लागली. मग दोन नंबरची. मी घाबरले. मी तर नेमाने एक दिवसाआड फक्त तांब्याभर पाणी घालत होते.

मी सगळ्यांना विचारलं, "तुम्ही कोणी पाणी घालता का?"

"छे!" हे म्हणाले.

"मम्मी, मला कुठे वेळ आहे?" ऋतुजा म्हणाली.

"मना काय करायचं?" आई म्हणाल्या.

म्हणजे पाणी कमी पडतंय, असा मी निष्कर्ष काढला आणि रोज घालायला लागले. पानं आणखी पिवळी. ऋतुजाने फोनवर वाचून सांगितलं, "मम्मी, हे जास्त पाण्याने होतं." मी म्हणाले, "शक्यच नाही. कोणी घालतच नाही!"

एका रविवारी दुपारी मी सहज खिडकीत उभी राहिले. तीन वाजता हे बाहेर आले, इकडेतिकडे बघितलं, आपल्या प्यायच्या बाटलीतलं पाणी सातही रोपांना घोट घोट घातलं आणि आत आले. सव्वातीनला ऋतुजा. तिच्या हातात चहाचं पातेलं, निथळलेल्या चोथ्यासकट. साडेतीनला आई, काठी टेकत, काखेत कळशी!

आईंना मी दारातच गाठलं. "आई! तुम्ही म्हणालात ना, घालत नाही?"

"मी कुटं घालतंय? तुमी कोन बगत नाय, म्हनून जरा देतंय."

त्या रात्री जेवताना सगळं बाहेर आलं. प्रत्येकाला वाटत होतं, की बाकीचे तिघं दगडाच्या काळजाचे आहेत! 'लो मेंटेनन्स' बाग म्हणून चार माणसं लपूनछपून तिची चाकरी करत होती.

तेवढ्यात भाऊजी भाजी न्यायला खाली आले. "काय वहिनी, गुलाबांचा काही त्रास?"

"काही नाही!"

* * *

यानंतर पाण्याचं काम एकट्या माझ्याकडे आलं. आईंना ते लागलं. पण त्यांच्याकडे एक हक्काची गोष्ट होती, ती मासे धुतल्याचं पाणी. दिवाळ्याला प्रत्येक दाराशी जी काही तुळस, मिरची, कढीपत्ता असतो, तो त्याच पाण्यावर वाढतो. नर्सरीवालापण म्हणाला होता, की चांगलं असतं, पातळ करून कधीतरी घाला.

आईंनी 'कधीतरी' ऐकलं नाही, 'चांगलं असतं' ऐकलं.

गुलाब खरंच तरारले. पण त्याचबरोबर मांजरं आली! पहिल्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी नऊ. आजूबाजूच्या सगळ्या बिल्डिंगांतली मांजरं गुलाबाला प्रदक्षिणा घालायला लागली. भाऊजींनी विचारलं, "एवढी मांजरं का येतायत?" हे म्हणाले, "गुलाबाला वास फार छान आहे रे."

भाऊजी वाकले, वास घेतला, आणि नाकाला रुमाल लावून कामाला गेले.

खरा घोटाळा पुढे झाला. एके दिवशी घरात ओली मासळी नव्हती. आईंनी खारवलेला मासा भिजत घातला होता. झाडं उपाशी राहतील म्हणून त्यांनी तेच पाणी नेऊन चार नंबरला घातलं. एकदा नाही, तीनदा. मिठाचं पाणी! आठवड्यात चार नंबर काडी झाला.

आई जेवल्या नाहीत. "समुद्रात एवढं वाढतंय सगलं," त्या म्हणत राहिल्या, "याला कसं नाय सोसलं?"  

यांनी मात्र कामाला लागून, खारट माती उकरून टाकली, नवी भरली आणि नर्सरीतून तसंच रोप आणून 'चार नंबर' ही पट्टी लावली. सगळं जिथल्या तिथे. फक्त नव्या रोपाला पंधरा दिवसांनी फूल आलं ते पिवळं आलं. आधीचं गुलाबी होतं!

भाऊजी फाटकाशी थबकले. "दादा, हे गुलाबी होतं ना?"

"होतं."

"मग?"

आमच्या यांना आयुष्यात धड खोटं बोलता आलेलं नाही. घाम पुसत म्हणाले, "हवामान."

भाऊजींनी मान हलवली. पुढे दिवाळीत त्यांचे मित्र आले तेव्हा मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, ते त्यांना सांगत होते, "ही जात वेगळी आहे. थंडी पडली की रंग बदलते." मित्रांनी फोटो काढून नेले!

* * *

त्याच्या आधी, ऑक्टोबरात, छाटणी झाली. आता बघा, माझा क्रम चुकलाच. असो.

गुलाबाची छाटणी करायची तर मन घट्ट करून करावी लागते. निम्म्यावर कापायचं, वाळक्या काड्या काढायच्या. सकाळी सगळे घरात असताना हिंमत झाली नाही म्हणून मी दुपारी, आई झोपल्यावर, कात्री घेऊन बसले. संध्याकाळी आईंनी बाहेर येऊन बघितलं तर सात खुंट!

मी सांगायला तोंड उघडणार तोच त्या ओरडल्या, "शेली! दामूची शेली!"

दामूकाका म्हणजे जुन्या करंजाडे गावातले. त्यांची एक काळी शेळी आहे. ती सुटी फिरते हे खरं. आई काठी घेऊन निघाल्या. मी मागे धावले, "आई, ऐका, शेळी नाही, मीच..." पण गुडघे दुखणारं माणूस रागात किती वेगाने चालतं हे मला त्या दिवशी कळलं.

मी पोचेपर्यंत आईंचं बोलून झालं होतं. दामूकाकांनी शेळीकडे बघितलं. शेळीने खाली मान घातली. काका हात जोडून म्हणाले, "वयनी, चुकी जाली. आमचीच हाय ती. तिला खोडच हाय."

आता गुन्हेगाराने गुन्हा कबूल केल्यावर मी काय बोलायचं?  मला अजून त्या शेळीच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दामूकाका भरपाई म्हणून लेंडीखताचं पोतं घेऊन आले. गुलाबाला त्यासारखं खत नाही! थंडीत सातही झाडं अशी फुलली, की वाटेने जाणारी माणसं फाटकाशी थांबायला लागली. लाल, गुलाबी, पिवळी, सुपारीएवढी फुलं, पण झुपकेच्या झुपके.

आई म्हणाल्या, "शेलीनं खाल्लेलं बरं असतंय."

* * *

जानेवारीत सहा नंबरला बुडातून एक फांदी फुटली. सरळ, जाडजूड, महिनाभरात कमरेएवढी. आईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

"बग! मी काय म्हनत होतं? आता कुटं वाढायला लागलं!"

मी नर्सरीवाल्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, हा जंगली फुटवा. कलम ज्या खोडावर बांधलंय त्याचा. फूल येणार नाही, वर सगळं खाऊन टाकेल. वेळेत कापा."

मी घरी येऊन आईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या चिडल्या. "सात जनांत एक मोठा निगाला, तर त्यालाच कापता?" त्यांनी त्या फांदीला आधाराला काठी लावली. जुन्या लुगड्याची किनार बांधली. दिवसभर खुर्ची सहा नंबरच्या समोर. मी कात्री उचलली की त्या खोकायच्या.

इकडे त्या फांदीखालची सहा नंबरची फुलं गळायला लागली, कळ्या करपायला लागल्या. एका दुपारी आईंनी मला विचारलं, "सूनबाय, वरच्यानं सगलं खाल्लं, तर खालच्यांनी काय करायचं?"

मी करपलेल्या कळ्या वेचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फांदी नव्हती. किनार घडी करून खुर्चीवर ठेवलेली. मी कापली नाही, देवाशपथ. यांनी नाही. ऋतुजा मैत्रिणीकडे होती. बुडाशी काप इतका स्वच्छ, तिरपा, एका घावात घातलेला, की सुरमईची तुकडी बघावी!

आई काप निरखून म्हणाल्या, "शेलीचं दात लय धारदार हायत."

आणि दुपारी दामूकाका पोतं घेऊन हजर! कोणी बोलावलं नव्हतं, कोणी काही सांगितलं नव्हतं. म्हणाले, "ऐकलं काहीतरी खाल्लंय. आमचीच असंल."

* * *

असं करत पाडवा आला. आदल्या संध्याकाळी भाऊजी खाली येऊन खुर्चीवर बसले.

"वहिनी, वर्ष झालं."

"हो, भाऊजी."

"मिरच्यांचा धूर. नऊ मांजरं. चार नंबर मेला, पिवळा आणला. शेळीवरून भांडण. मग त्या फांदीवरून तीन आठवडे घरात धुसफूस." ते एकेक बोट दुमडत होते. "मी वर राहतो, वहिनी. परदेशात नाही राहत."

आमच्या चौघांच्या तोंडून या वेळी 'काही नाही' निघालं नाही.

"ठरलं होतं तसं, ब्लॉक," ते म्हणाले. रागाने नाही, उलट जरा ओशाळूनच म्हणाले. "उद्या मुहूर्त चांगला आहे. मिस्त्री माप घ्यायला येतोय."

मी म्हणाले, "बरं." शब्द दिला होता, दुसरं काय म्हणणार? ऋतुजा भांडायला उठली, तिला मीच खाली बसवलं. यांनी वही काढली आणि काही न लिहिता मिटली.

सकाळी गुढी उभारली. पुरणाचा घाट अर्ध्यावर असताना मिस्त्री आला. भाऊजींनी टेपचं एक टोक पायरीशी धरलं, डबी घेऊन मिस्त्री फाटकाकडे गेला. मी हात पुसत दारात उभी राहिले. बघवत नव्हतं आणि आतही जाववत नव्हतं.

त्या दिवशी दिवाळ्याला आईंच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. भाऊजी त्यांना गाडीने सोडणार होते. आई तयार होऊन बाहेर आल्या. हिरवं लुगडं, हातात पिशवी, काठी. माझ्या शेजारून पायरी उतरल्या तेव्हा मला दिसलं.

त्यांच्या अंबाड्यात सुपारीएवढा एक लाल गुलाब होता.

सासरे गेले त्याला बावीस वर्षं झाली. ते होते तोवर आई अंबाड्यात फुलं खोचल्याशिवाय मासळीची टोपली उचलायच्या नाहीत, असं दिवाळ्याच्या बायका सांगतात. मी ते बघितलेलं नाही. मी बघितलं ते लग्न होऊन आल्यानंतरचं. गौरी-गणपतीला गजऱ्यांची टोपली आणली की त्या घरातल्या, शेजारच्या, आलेल्या-गेलेल्या सगळ्या बायकांना एकेक गजरा देतात आणि रिकामी टोपली आत ठेवतात. घालू नका असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. घाला असंही कोणी म्हटलं नव्हतं.

मी यांच्याकडे बघितलं. हे आपल्या पायांकडे बघत होते. ऋतुजाने माझा हात धरला. 

भाऊजी टेप धरून ओणवे झाले होते. त्यांनी मान वर केली आणि तसेच राहिले.

"आई," ते म्हणाले, "डोक्यात काय आहे?"

"कुटं?"

आईंनी हात मागे नेला. चाचपलं. बोटं फुलापाशी गेली, जरा थांबली आणि फूल तिथंच ठेवून हात खाली आला.

"वरून पडलं असंल," आई म्हणाल्या.

आमचं सगळ्यात उंच झाड माझ्या गुडघ्यापर्यंतही येत नाही.

भाऊजींनी वर बघितलं. मिस्त्रीनेही फाटकापाशी उभं राहून वर बघितलं. वर नुसतं आभाळ होतं.

"शेठ," मिस्त्रीने विचारलं, "किती फूट धरू?"

भाऊजींनी हातातलं टोक सोडून दिलं. टेप सर्रकन जाऊन मिस्त्रीच्या हातातल्या डबीत शिरली.

"राहू दे," ते म्हणाले. "इथं वरून फुलं पडतात. गाडी खराब होईल."